थांब्याजवळचा माळ

अर्जुनरावांची गाडी खडकी फाट्यावर थांबली, तेव्हा पत्र्याच्या नव्या शेडमधल्या सगळ्या चुली पेटलेल्या होत्या. आज भाकरीची पहिली खेप बीडला जायची होती. दवाखान्यातल्या पेशंटच्या नातेवाइकांनी सांगून ठेवलं होतं, वसतिगृहातल्या पोरांनी सांगून ठेवलं होतं. केजहून येणारी जलद गाडी आता कधीही आली असती आणि दोन टोपल्या अजून रिकाम्याच होत्या.

थोरल्या दिराला पाहून मंजुळाबाई काठवटीवरून उठल्या. पिठाच्या हातानंच त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

अर्जुनरावांच्या मागून त्यांची बायको वच्छलाबाई उतरल्या आणि पांढऱ्या बुटांचा एक माणूस. तो जमिनी घेऊन प्लॉट पाडतो, हे फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. रस्ता रुंद झाला, जलद गाड्या सुरू झाल्या, आणि मधली सगळी गावं सोडून त्या याच फाट्यावर थांबायला लागल्या. बीड तासाभरावर आलं. तेव्हापासून गाव रस्त्याकडं सरकत होतं. आधी चहाच्या टपऱ्या आल्या, मग खताचं दुकान, पोरांचे क्लास. शेवटी आठवडी बाजारसुद्धा. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. ज्या रानांत पेरलेलं उगवलं नाही, तिथं प्लॉट आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा उगवल्या होत्या.

थांब्याला अगदी लागून होता तो मंजुळाबाईंचा माळ. नुसता मुरूम. नवरा वारल्यावर वाटणीत त्यांच्या पदरात पडलेला.

"मंजुळा, हिरीकडची काळी जमीन तू घे," अर्जुनराव म्हणाले. "हा माळ मला दे. घरातल्या घरात अदलाबदल. तुझंच भलं हाय."

"हिरीला पानी हाय का, भावजी?"

"पाऊस पडला की येतंच की."

पांढऱ्या बुटांचा माणूस पुढं झाला. "बाई, इथं तीन मजली बिल्डिंग होणार. खाली दुकानं. तुमच्या या भाकरीसाठी आम्ही एक गाळा राखून ठेवू. मागच्या बाजूला."

"आन् गाडी कोन्च्या बाजूला थांबती?"

"पुढच्या."

"मग मी मागं बसून काय करू?"

चुलींपाशी बायका हसल्या. अर्जुनरावांचा चेहरा उतरला आणि लगेच आवाज चढला.

"हसन्यावारी नेऊ नका! आपल्या घरच्या बाईनं रस्त्यावर चूल मांडायची? घराच्या इज्जतीचं काय हाय का न्हाई?"

 मंजुळाबाईंनी मान वर केली. दिराशी बोलताना त्यांनी अशी मान कधी वर केली नव्हती.

"दर साली उसाच्या फडात, उघड्या रानात चूल मांडली म्या. लेकरू पाठीला बांधून मोळ्या वाहिल्या. तवा कुनी इज्जतीचं इचारलं न्हाई, भावजी. आन् वाटनीत तुमीच म्हनला हुता, बाईमाणसाला माळच बरा, राखायची कटकट न्हाई. म्या राखलाय तो."

"अगं, पर—"

"आन् आता तो माझ्या एकटीच्या हातात बी न्हाई. आमच्या सहकारी संस्थेला भाड्यानं दिलाय. इचारायचं तर ह्या बायांना इचारा."

अर्जुनरावांनी चुलींकडं पाहिलं. धुरानं डोळे लाल झालेल्या बायका त्यांच्याकडंच बघत होत्या. औंदा त्यातली एकही कोयता घेऊन कारखान्याला गेली नव्हती. किराणा दुकानदाराच्या घरची शिवम्मा संस्थेची सचिव होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि वर न बघताच सांगितलं, "आमचं समद्यांचं न्हाई म्हननं हाय, पाटील."

 तेवढ्यात मंजुळाबाईंच्या काठवटीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला. मंजुळाबाई तर उभ्या होत्या. मग त्यांच्या काठवटीवर कोण?

सगळ्यांनी वळून पाहिलं. वच्छलाबाई बसल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, जरीच्या काठाला पीठ लागलेलं. भाकरी गोल फिरत होती. कडेला एक चीर नव्हती.

"आक्का?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"काहून बघत बसलीस? जाळ सार जरा म्होरं. गाडी येईल."

गाडी आलीच. वळणावर हॉर्न वाजला आणि एकच धांदल उडाली. कुणी भाकरी फडक्यात गुंडाळल्या, कुणी ठेच्याचे डबे उचलले. लाल गाडी थांब्यावर उभी राहिली. कंडक्टर शहादेव दारातून ओरडला, "आवरा, मावशी! जलद गाडी हाय माझी!" आणि स्वतःच खाली उतरून त्यानं टोपल्यांना हात लावला. सगळ्यात शेवटची टोपली वच्छलाबाईंनी भरली. ती गाडीत चढली तेव्हा तिच्यातून वाफ येत होती.

दार लागलं. गाडी हलली, वेग धरला, आणि बघता बघता बीडच्या दिशेनं दिसेनाशी झाली. बायका रस्त्याच्या कडेला रांगेनं उभ्या होत्या. शिवम्मानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं.

पांढरे बूट झटकून तो माणूस केव्हाच गाडीत जाऊन बसला होता. अर्जुनरावांनी स्टिअरिंगवर बसून हॉर्न दाबला. एकदा. मग पुन्हा, लांब.

"चल गं! केजला जायाचं न्हाई का?"

वच्छलाबाईंनी पुढच्या खेपेसाठी परातीत पीठ ओतलं. पाणी घेतलं. मग हात थांबवून, शेडमधूनच, पण रस्त्यापलीकडच्या टपऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं,

"तुमी व्हा म्होरं. म्या बसनं येते."