निवळ पाझर

बेल्याजवळचा मातीचा बांध शंभर वर्षं हलणार नाही, असं उद्घाटनाच्या पाटीवर कोरलं होतं; पाटी पहिल्याच पुरात वाहून गेली. बांधाखालीच घर असलेल्या बाबारावांची झोप उडाली.

इंजिनिअर म्हणाले, “पाझर निवळ आहे तोवर भ्यायचं नाही. गढूळ आला, तर बांध आतून पोखरला जातोय समजा आणि पळा!”

बाबाराव रोज पहाटे पायथ्याचा पाझर तांब्यात धरून घरी आणत, उजाडल्यावर निरखून बघत. महिनाभर पाणी निवळच. शेवटी त्यांनी दाराशी बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं.

“आजबी काचेवानी निवळ हाय, पोरी!”

सून प्रणिता म्हणाली, “असणारच ना, मामाजी. पावसाळ्याचं पाणी गढूळच येतं. तुमच्या तांब्यातबी रोज तुरटी फिरवते मी.”