नवरीचं चित्र

"नवरी पाठमोरी काढा, म्हणजे काम भागेल," प्रकाशक म्हणाला.

जोसायानं पेन्सिल खाली ठेवली. अमेरिकेत वसायला आलेल्या पहिल्या गोऱ्यांवरच्या प्रेमकाव्यासाठी तो चित्रं काढत होता. नायिका म्हणून लेकीलाच समोर बसवलं होतं. लग्नाचं तेवढं चित्र उरलं, आणि लेक तापानं गेली.

आतून बायको तरातरा आली. चित्रासाठी बसताना लेक घालायची ती पांढरी टोपी डोक्यावर चढवून ती खुर्चीत बसली.

"नाकीडोळी माझ्यावरच गेली होती ती. काढा."

जोसायानं पेन्सिल उचलली. बायकोच्या चेहऱ्यात लेक शोधत त्यानं दिवसभर रेघा ओढल्या.

संध्याकाळी प्रकाशकानं चित्र पाहिलं. "सुरेख! पण नवरीच्या ओठांवर हसू हवं."

"हसणारी गेली," जोसाया म्हणाला. "छापायचं तर असंच छापा."