ताईची पेटी
ती नर्स होती, रक्ताला भ्यायची नाही. पाण्याला मात्र भ्यायची. पोहता येत नव्हतं. धाकट्या भावाने होडी घेतली. "ताई, एकदा तरी चल" म्हणून मागेच लागला, तेव्हा तिने अट घातली: "संकटकाळाची पेटी मी भरणार." शिट्टी, टॉर्च, दोर, मलमपट्टी, पाणी उपसायचं भांडं, आठवडाभर जमवाजमव चालली. "अख्खं हॉस्पिटल घेतलंस!" म्हणत त्यानेच पेटी होडीत ठेवली. तलावाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं, तळातून पाणी शिरू लागलं. तिने झाकण उघडलं. पेटी रिकामी होती. "ओझं नको म्हणून सामान काढलं," तो पुटपुटला. "पण पेटी दिसल्याशिवाय तू बसली नसतीस." मासेमारांच्या नावेने वाचवलं. काठावर तो लाडात म्हणाला, "आईला सांगू नकोस हं." लहानपणापासून तिने त्याचं सगळं झाकलं होतं. आज त्याच्यासमोरच तिने आईला फोन लावला.