अधिक अल्तमशचं, उणं कुंदनचं

"सीड सांग," कुंदन म्हणाला. रामराम नाही, दोन वर्षांत एक फोन का केला नाही याचा खुलासा नाही.

अल्तमशने द्राक्षाचा घड उजेडाकडे धरला, कात्रीने एक बारका मणी उडवला आणि घड खोक्यात अलगद निजवला. "आधी बस. नाशिकहून गाडी करून आलास की एसटीने?"

"एसटीने."

"म्हणजे उभ्याने. चहा घे."

पिंपळगावचं हे पॅकहाऊस अल्तमशच्या वडिलांचं, इनायतभाईंचं. ते आजारी पडले तसा अल्तमश मुंबईची संशोधनसंस्था सोडून इथे आला. निघाला त्या दिवशी कुंदन त्याला भर कँटीनमध्ये 'पळपुट्या' म्हणाला. तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची कुंदनची रीत नव्हती. मग फोनही राहिला तो राहिलाच.

काम दोघांचं होतं. पायॉन नावाचा इवलासा कण. त्याच्या प्रकारांतला विद्युतभार असलेला भाऊ, भार नसलेल्या भावापेक्षा किंचित जड. प्रयोगवाल्यांना हे कधीचं ठाऊक. पण तो फरक गणिताने काढायचा तर अवकाश-काळाची जाळी मांडावी लागते आणि तिच्यावर, फासे टाकावेत तसं, संगणकाकडून विद्युतक्षेत्र पसरून घ्यावं लागतं. फरक चिमूटभर, फाशांच्या लहरीचा गोंगाट पोतंभर. म्हणून युक्ती अशी, की एकाच क्षेत्रावर दोनदा हिशेब करायचा. एकदा भार अधिक धरून, एकदा उणा. सरासरी घेतली की गोंगाट बराचसा आपापसात फिटतो आणि खरा फरक वर येतो. अधिकाची बाजू अल्तमश पुरी करून गेला होता. उण्याची कुंदनच्या गळ्यात होती.

क्षेत्रं साठवायला डिस्कवर जागा नव्हती, म्हणून ती पुसलेली. त्याचं काही अडत नाही. फासे ज्या पहिल्या आकड्यापासून सुरू झाले तो आकडा, म्हणजे सीड, हाती असला की तेच दान पुन्हा जसंच्या तसं पडतं. तो आकडा अल्तमशच्या डोक्यात होता. सीड म्हणून तो नेहमी एखादी तारीखच घालायचा, ही त्याची खोड कुंदनला माहीत होती.

त्यामुळे विचारायची पाळी येणार नाही, असं कुंदनला वाटलं होतं. माणूस तारीख कुठली लक्षात ठेवतो? आपल्या फायद्याची. अल्तमशचा जन्म, निलोफरशी निकाह, पीएच.डी. हाती पडली तो दिवस, सगळं घालून झालं. अल्तमशच्या जुन्या निकालांशी एक आकडा जुळेल तर शपथ. इकडे मोठ्या संगणकावरची मुदत महिनाअखेर संपत होती. सीड मिळालं नाही तर अल्तमशची सगळी मेहनत पाण्यात आणि तिच्यासोबत कुंदनचीही. पहिल्यापासून सुरू करायला पुन्हा कोणी संगणक देणार नव्हतं. वाटेतलं ओझर येईपर्यंत त्याने मनाशी सौदा बांधून ठेवला: पेपरवर पहिलं नाव अल्तमशचं. फारच ताणलं, तर माफी.

"पहिलं नाव तुझं," चहा येण्याआधीच त्याने बोली लावली.

"अकारविल्हे तसंही माझंच येतं, यार."

"मग काय घेशील?"

"घेशील काय! मी इथे वाट बघतोय, हा शहाणा विचारेल कधी. लिही. नऊ, सात, शहाण्णव."

कुंदनने तळहातावर लिहून घेतलं आणि त्याकडे बघत राहिला. "ही कसली तारीख? यात तुझ्या घरचं तर काहीच नाही."

"तुझी निवड झाली तो दिवस, लेका. संस्थेचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला. मीच घेतला होता."

कुंदनला मग सगळंच दिसायला लागलं. जिना धडाधडा चढून आलेला अल्तमश. एका सायकलवर दोघं, गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठी. मिसळीची ताटली, वर पुन्हा मागून घेतलेली तर्री, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि हसून हसून दुखलेली पोटं. अल्तमशने त्याच्यापेक्षा दोन पाव जास्तच हाणले होते, आणि त्याला पैसेही देऊ दिले नव्हते. त्यानंतर पदवी मिळाली, परदेश झाला, पेपर झाले. इतकं हलकं मात्र कुंदनला पुन्हा कधी वाटलं नव्हतं.

"तुझं त्या वर्षी झालं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षी आलास तू. दोन दिवसांनी कळलं होतं ना तुला?"

"त्याच फोनवर कळलं होतं." अल्तमशने पुढचा घड उचलला. "तुझी मिसळ कशाला बेचव करायची?"