व्याजोक्तीचं उदाहरण

क्रांतीनं पाठवलेलं तिसरं वाक्य वाचलं आणि जोतीराम गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला.

निवृत्तीनंतर गुरुजी कडेगावात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना व्याकरण शिकवत. पुढचा पाठ व्याजोक्ती अलंकाराचा होता. खरं कारण झाकायचं आणि भलतंच सांगायचं, ती व्याजोक्ती. पुस्तकातली उदाहरणं शिळी झाली म्हणून त्यांनी आष्ट्याला दिलेल्या लेकीकडं ताजी मागितली. उपमा-रूपकं ओळखायचा खेळ खेळत वाढलेली पोर ती. तिनं फोनवर लगेच धाडली.

डोळे का लाल? म्हणाली, फोडणीचा ठसका लागला.

ताट का तसंच? म्हणाली, आज उपास आहे.

पाहुण्यांपुढं का आली नाही? म्हणाली, डोकं दुखतंय.

पहिल्या दोन्हींना गुरुजींनी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. तिसऱ्याला मार्क द्यायचे राहूनच गेले. असलं बसल्या बसल्या सुचत नाही. पोर सोसतेय.

त्यांनी वाक्यं बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. मंगलचा भाकरी थापणारा हात थांबला. तव्यावरची करपली.

"क्रांती बरी हाय," ती म्हणाली. "तुमी नगा जाऊ."

"तुला काय कळतंय त्यातलं? ती भाकरी बघ आदी."

धूर झाला होता. मंगल पदरानं डोळे पुसत राहिली.

सकाळी तिनं शेंगाच्या चटणीचा डबा बांधून दिला, पण बरोबर काही आली नाही. एसटीत कंडक्टरनं विचारलं, मावशी न्हाईत व्हय आज? मंगल दर बाजाराला याच गाडीनं पलूसला जायची. गुरुजींचं लक्ष नव्हतं.

पलूसला गाडी बदलली तरी ते स्वतःलाच बोल लावत होते. क्रांतीला लग्नाआधी एम.ए. करायचं होतं. बिरदेवचं स्थळ त्यांनीच आणलं, जावयाची नोकरी बघून हुरळून गेले. पोर माहेरी आली की मजेत आहे म्हणायची, आणि जन्मभर अलंकार शिकवलेल्या बापाला तेवढं ओळखता आलं नाही. लय वाईट वाटत होतं. आज तिला घेऊनच परतायचं, मग लोक काय म्हणायचे ते म्हणोत.

आष्ट्यात दार उघडंच होतं. बिरदेव ओट्यापाशी कांदा चिरत होता. क्रांतीची एम.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून महिनाभर स्वयंपाक त्याच्याकडं, असं विहीणबाई तानुबाईंनी हसत सांगितलं. गुरुजींना पटलं नाही. पाहुण्यांपुढं सगळेच गोड वागतात.

दोघंच राहिल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "पिशवी भर. मला सगळं कळलंय. चल आपल्या घरी."

क्रांतीला आधी काही उमगेना. मग उमगलं तशी ती खाली बसली.

"आण्णा, ती वाक्यं ह्या घरातली न्हाईत."

"मग कुठली?"

तिनं आईनं बांधून दिलेला चटणीचा डबा उघडला, वास घेतला, परत झाकण लावलं.

"आई का न्हाई आली?"

"ती? तिला एसटी लागते म्हणाली."

क्रांतीनं आपली वही आणि पेन बापापुढं सरकवलं.

"लिहून घ्या, आण्णा," ती म्हणाली. "हे चौथं."