भिंत लिहिते

त्याने तिचा दंड धरला आणि वर्गाकडे बघून छान हसला.

"माफ करा हं मॅडम. आमच्या आईला एकदम जास्त झालंय. हिला घेऊन जातो."

इथली भाषा तो सराईतपणे बोलत होता. हा तिचा नवरा, हे बाईंनी ओळखलं. घरी कळू देऊ नका, एवढी एकच अट घालून ही मुलगी ही भाषा शिकायला आली होती. ती खालच्या लाँड्रीत इस्त्रीला जाते, एवढंच घरी ठाऊक होतं. आणि आज सकाळी तोंडी परीक्षेची आठवण म्हणून बाईंनी ॲपवरून सगळ्यांना एकदम मेसेज ठोकून दिला होता. हिचा नंबर नवऱ्याचा आहे, हे डोक्यातून साफ गेलं होतं.

मौनी. हे वर्गाने ठेवलेलं नाव. ती समोर परीक्षेला उभी होती. कॉलरला चिमुकला माइक, छातीशी टॅब. कुणी बोललं की शब्द मागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत उमटत, आणि उमटले की सगळ्यांनी एका सुरात मोठ्याने वाचायचे, ही वर्गाची शिस्त. टॅबवर बटणं दोन. हिरवं दाबून इथली भाषा बोलायची. अडलंच तर लाल दाबून आपापली. मग यंत्र फक्त तीच ऐके आणि भाषांतर करून लिहीत असे. पण लाल दाबलं की गुण कापला, हा बाईंचा नियम. मौनी गप्प उभी राही, पण लालला बोट लावत नसे.

अख्ख्या सत्रात तिने विचारलं एकच. गेल्या आठवड्यात, मोडक्यातोडक्या शब्दांत.

"बाई, हळू बोललं... तरी लिहितं?"

"कानात कुजबुजलं तरी लिहील! तू आधी तोंड तर उघड." वर्ग खो खो हसला होता.

आता भिंतीवर नुसते ठिपके.

. . .

त्याचं एवढं गोड बोलणं, पण यंत्राला एक शब्द कळेना. अडकलं वाटतं मेलं, बाईंना वाटलं.

"परीक्षा चालू आहे हो. जरा बाहेर थांबता का?"

"आईपेक्षा परीक्षा मोठी का, मॅडम?"

. . .

मग तो बायकोच्या कानाशी वाकला. प्रेमळ नवरा वाकतो तसा. काहीतरी पुटपुटला, त्यांच्या घरच्या भाषेत. वर्गात ती भाषा दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. भिंतीकडे त्याची पाठ होती.

चल गुपचूप. मागे बोट मोडलं. आज जीभ कापतो.

"चल गुपचूप," अर्ध्या वर्गाने सवयीने सूर धरला. "मागे बोट मोडलं. आज..."

सूर तिथेच मेला. सगळ्यांच्या नजरा तिच्या बोटावरच्या पट्टीवर गेल्या. दारात सापडलं, असं तिने खुणेने सांगितलं होतं.

तो वळला. त्याने भिंत वाचली.

मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड फळ्याच्या कडेवर आपटलं.

सांगितलंस यांना?
(आवाज)
बोल!
(आवाज)

पांढऱ्या फळ्यावरून लाल ओघळ खाली आला. वर्गात शिकणारा बसचा ड्रायव्हर बाक ओलांडून धावला. नवऱ्याने उचललेलं लोखंडी स्टूल त्याच्या जबड्यावर बसलं आणि त्याचा दात पहिल्या बाकावर जाऊन पडला. बाई मध्ये घुसल्या. त्यांना एक लाथ बसली, त्या खुर्च्यांवर कोसळल्या. तोवर शेवटच्या बाकावरचा खाटीक उठला होता. वर्गातला सगळ्यात लाजरा माणूस. स्वतःचं नाव सांगतानाही तो लाल व्हायचा. त्याने नवऱ्याचा स्टूल धरलेला हात मनगटाशी पकडला आणि शांतपणे उलटा फिरवला. कडकन आवाज आला. वर्गातलीच, दवाखान्यात काम करणारी आया त्याच्या पायांवर बसली. ड्रायव्हर रक्त थुंकत पाठीवर चढला. नवरा गुरासारखा हंबरत होता, आणि ते हंबरणं भिंत शुद्धलेखनाची एकही चूक न करता लिहून घेत होती.

सोडा मला.
मारून टाकीन.
पहिलीला पुरली तिथेच हिलाही पुरीन.

या वेळी कुणी मोठ्याने वाचलं नाही.

कुणीतरी भिंतीचा फोटो काढला. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. बाई रांगतच तिच्यापाशी गेल्या. तिची भुवई फाटली होती, ओठ दुभंगला होता. टॅब मात्र तिने अजून छातीशी धरला होता, आणि तिचा अंगठा लाल बटणावर होता. पांढरा पडेपर्यंत दाबलेला.

बाईंना रडू फुटलं. "माफ कर गं. माझ्याच मेसेजने आला तो. मीच तुला मारलं."

. . .

तिने मान हलवली. ओठांवरचं रक्त जिभेने पुसलं आणि आपल्या भाषेत, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलली. सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

तुमचा मेसेज मी सकाळीच त्याच्या फोनमधून पुसून टाकला, बाई.
त्याला मीच बोलावलं.
घरीही तो हेच बोलतो. पण घरच्या भिंतीवर काही उमटत नाही.