एक्स्प्लेनचा पाठ

“एक्स्प्लेन,” अध्यक्ष म्हणाले. “ह्या क्रियापदाचा अर्थ, उगम आणि वापर. समोर आठवीचा वर्ग बसलाय असं समजा आणि शिकवा.”

कांताने खडू उचलला. सत्त्याऐंशीचा ऑगस्ट चालू होता. कल्याणच्या या शाळेत इंग्रजी शिक्षकाची एकच जागा होती आणि बाहेर बाकावर आणखी चौघीजणी बसल्या होत्या. तिचे वडील सखाराम ज्या कंपनीत होते, ती बंद पडून वर्ष झालं होतं. आज जमलं नाही, तर सोमवारपासून कळव्याच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला जायचं ठरलं होतं. बी.एड. झालेल्या मुलीने! नुसत्या विचाराने तिला रडू यायचं.

“कळव्यात राहायला कुठे?” हेडमास्तरांनी मध्येच विचारलं.

“सिद्धार्थनगर.”

“असं, असं.”

हे ‘असं, असं’ तिने याआधी दोन शाळांत ऐकलं होतं. तिने फळ्याकडे तोंड केलं.

टेबलाच्या कडेला एक तरुण बसला होता. त्याची ओळख कोणी करून दिली नव्हती. विषयतज्ज्ञ असणार, असं कांता धरून चालली.

“एक्स्प्लेन म्हणजे समजावून सांगणं. मूळ शब्द लॅटिन. प्लेनस म्हणजे सपाट. जयंतीचा मंडप घालायच्या आधी आमच्या चाळीपुढची जमीन चोपून सपाट करतात ना, तसंच. अवघड गोष्टीतले खड्डे, उंचवटे काढायचे. मग ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही.”

“वा!” तरुण पुढे सरकला. “आणि वापर? ‘एक्स्प्लेन मी’, असंच ना?”

हा तर सापळा! कांता मनातल्या मनात हसली. “नाही सर. ‘एक्स्प्लेन टू मी’. ‘टू’ गाळायचा नाही. आपल्याकडे बरेचजण तिथेच घसरतात.”

“पण ‘टेल मी’ चालतं की!”

“चालतं. ‘टेल’ला लागत नाही, ‘एक्स्प्लेन’ला लागतो.” तिने दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. त्याने पुन्हा विचारलं. तिने न चिडता पुन्हा सांगितलं.

किती खोदून विचारतोय हा माणूस! आधीच्या मुलाखती नाव-गाव विचारूनच आटोपल्या होत्या. इथे निदान शिकल्याची किंमत आहे, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला.

अध्यक्ष चक्क उठून उभे राहिले. “फार छान, बाई. कळवतो आम्ही.”

बाहेर येऊन ती चपला घालायला वाकली. बाबांसाठी पेढे घ्यावेत की ऑर्डर हातात पडेपर्यंत थांबावं, हे तिचं ठरत नव्हतं. दार अर्धवट उघडंच राहिलं होतं.

“शिरलं का रे डोक्यात, सुधीर?” अध्यक्षांचा आवाज आला. “जूनपासून वर्गावर जातोयस, आणि पालकांची बोंब मी ऐकतोय.”

“आत्ता कळलं, मामा.”

“मग फळा पूस. पुढच्या बाईंकडून पॅसिव्ह व्हॉइस करून घेऊ.”